मळी

रस काहिलीत उतरला की पहिल्या उकळीला
जे वर येतं ते काळं असतं.
भेंडीचं पाणी सोडायचं, झारा घ्यायचा,
हात थांबवायचा नाही.
शियेच्या गुऱ्हाळावर बावीस हंगाम मी एवढंच करतोय.
मळी आत राहिली की गूळ फसतो.
आठ दिवस दिसायला बरा,
मग पाझरायला लागतो.

शरयू पाचव्या महिन्यापर्यंत दिसायला बरी होती.

मग तिसरा न्यूमोनिया, जिभेवर पांढरी बुरशी,
दंडावर लशीची जखम, भरता भरेना.
सीपीआरमधून राजारामपुरीत,
तिथून रक्ताची कुपी बर्फात, मुंबईला.
अकराव्या दिवशी नाईकवडी डॉक्टरीणबाईंनी
कागद समोर ठेवून विचारलं, "तुम्ही काय करता?"
"गुळव्या हाय."
बाईंनी पेन खाली ठेवलं.
"मग तुम्हाला कळेल."

म्हणाल्या, पेशी जगतात, मरतात,
त्यांचा गाळ रक्तात येतो.
तो काढायला एक एन्झाइम असतं, तुमच्या झाऱ्यासारखं.
हिच्या अंगात ते जन्मापासून नाही.
मळी चढत जाते
आणि त्या मळीत पहिल्यांदा बुडतात राखणदार.
त्यांतल्या काहींना म्हणतात नॅचरल किलर.

मला तेवढाच शब्द कळला.
"किलर? माज्या पोरीच्या अंगात?"
"सगळ्यांच्या अंगात. यांना शिकवावं लागत नाही.
प्रत्येक पेशीला हात लावून बघतात.
घरची खूण सापडली तर जा म्हणतात,
पुसलेली असली तर तिथंच संपवतात."

मला मार्केट यार्डाच्या गेटवरचा बाबू मुल्लाणी आठवला.
पावती कधी मागायचा नाही.
गाडीवानाच्या तोंडावर बॅटरी मारायचा
आणि कुणाचा कोण ते सांगायचा.

"आणि शरयूचे?"
"मोजके उरलेत. उरलेत त्यांचे हात बधिर.
चोर समोर उभा आहे,
काठी उचलत नाही."

मग बाईंनी एक चौकोन काढला, एक गोल,
मध्ये दोन रेघा.
"दोन कशाला?"
"नात्यातलं लग्न असलं की दोन काढतात."
उज्वला माझ्या मामाची.
एक बिघडलेली प्रत माझ्यात, एक तिच्यात,
आणि एकेकीवर आम्ही दोघं ठणठणीत,
बावड्याच्या जत्रेत उसाची मोळी एका हातानं उचलणारे.
शरयूला दोन्ही बिघडलेल्या मिळाल्या.

केएमटीत उज्वला खिडकीशी बसली.
ताराराणी चौक गेला, पुढचा स्टॉप गेला.
मग म्हणाली,
"घरातलं सोनं घरात, म्हनले हुते सगळे.
सोन्यासंगं काय काय ऱ्हायलं
ते कुनी बगितलंच न्हाई."
मी तिकिटाची घडी घालत राहिलो.
ते तिकीट अजून शर्टात आहे.

आठवड्याला एक सुई असते म्हणे, परदेशातली.
तिची किंमत मी एकदाच ऐकली.
नाहीतर पृथ्वीच्या हाडातला मगज. जुळला तर.
पृथ्वी नऊ वर्षांचा. रक्त देताना रडला नाही.
रात्री अंथरुणातून विचारलं,
"मग तिच्या अंगातले किलर माझे असणार?"
"तुझे."
"आणि ती माझ्याशी भांडली तर?"
उज्वला तोंडावर पदर धरून हसली.
दोन महिन्यांत पहिल्यांदा.

रिपोर्ट यायचा आहे.
पहाटेचे तीन. जाळव्या चुलवाणात चिपाड सारतोय,
नदीकडून धुकं शेडात शिरतंय.
मालक खाटेवरून ओरडतो,
"ज्ञानू, आता काय काढतुयास?
निवळला की रस!"

निवळलाय. तळापर्यंत सोन्यासारखा.
मी म्हणतो, "बगतुय,"
आणि रिकामा झारा
पुन्हा एकदा कडेकडेनं फिरवतो.